गाडीच्या डिफरन्शियलचे व ट्रान्सफर केसचे ऑइल : केव्हा, कोणते आणि कसे बदलावे?



गळीत हंगाम संपला की कारखान्यात ऑफ सीझनची कामे सुरू होतात. मिलचे रोलर उतरवले जातात, गिअर बॉक्सची झाकणे उघडतात, जुने तेल काढून पेटी पुसून घेतात, दात एकेक करून तपासतात आणि मग नवे तेल भरतात. मिनिटाला काही हजार फेरे घेणाऱ्या टर्बाइनचा वेग उतरवून मिलचा रोलर मिनिटाला अवघे चार-पाच फेरे फिरवायचा, हे काम गिअरचे. आणि ते गिअर जगतात ते तेलाच्या पातळ थरावर. ही गोष्ट कारखान्यात कुणाला शिकवावी लागत नाही.

पण आपल्या दारात उभ्या असलेल्या पिकअपला किंवा जीपला हाच नियम लागू आहे, हे मात्र आपण विसरतो. इंजिनचं ऑइल बहुतेक जण वेळेवर बदलतात. डिपस्टिक काढून बघता येते, ऑइल काळं झालेलं डोळ्यांना दिसतं. मागच्या डिफरन्शियलला डिपस्टिक नाही, दिवा नाही, घंटा नाही. ते गाडीखाली चिखलात माखलेलं असतं. गाडी घेतल्यापासून त्यातलं ऑइल एकदाही बदललेलं नाही, अशा कितीतरी गाड्या वर्कशॉपच्या फाटकाशी येतात. मालकाला विचारलं तर म्हणतो, "तिथंही ऑइल असतं होय?"

बेणं, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, दुधाचे कॅन आणि वेळप्रसंगी आजारी माणूस, सगळं या गाडीवरच जातं. बऱ्याच गाड्या कर्जाच्या आहेत. क्राउन-पिनियन तुटलं तर खर्च तर होतोच, पण गाडी ऐन कामात आठ-आठ दिवस उभी राहते आणि हप्ता मात्र उभा राहत नाही. तीन-चार लिटर ऑइल आणि दोन तासांचं काम यांच्या जोरावर हे टळतं. म्हणून हा लेख.

डिफरन्शियल कशासाठी?

बैलगाडीची दोन्ही चाकं आखावर आपापली फिरतात. गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त फेरे घेतं, आतलं कमी. त्यात अडचण काही येत नाही, कारण ओढतात बैल. चाकं नुसती मागून येतात. मोटारगाडीत मात्र चाकालाच जोर द्यावा लागतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली, तर वळणावर दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतील आणि एक चाक घासत जाईल.

फरक किती पडतो ते पाहा. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं आणि गाडीने एक पूर्ण गोल फेरी मारली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ८.८ मीटर जास्त चालतं. गोल लहान असो वा मोठा, हा फरक तेवढाच राहतो. तो सांभाळणारी यंत्रणा म्हणजे डिफरन्शियल. मोठ्या क्राउन चाकाच्या पिंजऱ्यात छोटे गिअर एका पिनवर बसवलेले असतात. गाडी सरळ चालते तेव्हा ते पिनवर फिरत नाहीत. वळणावर थोडे फिरतात आणि एका चाकाचे कमी झालेले फेरे दुसऱ्याला देतात.

दुसरं काम वेग उतरवण्याचं. जुन्या विलीज सिव्हिलियन जीपच्या डिफरन्शियलमध्ये पिनियनला ८ दात आणि क्राउनला ४३ दात असत. म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या ५.३७५ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. वेग तेवढ्या पटीने उतरतो आणि जोर तेवढ्या पटीने चढतो. हा सगळा जोर एका वेळी दोन-तीन दातांवरच पेललेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

ट्रान्सफर केस फक्त चारही चाकांना ओढ असलेल्या, म्हणजे आपण ज्याला "फोर व्हील" म्हणतो, त्या गाड्यांना असते. गिअर बॉक्सच्या मागे ही पेटी बसते. एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. बहुतेक पेट्यांत "लो" गिअर असतो. वर सांगितलेल्या जीपचा लो २.४६ ला १ होता, म्हणजे चिखलातून निघताना जोर आणखी जवळजवळ अडीच पट. फोर व्हील गाडीत तेलाची ठिकाणे त्यामुळे चार झाली : गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस, मागचे डिफरन्शियल आणि पुढचे डिफरन्शियल. पुढचे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

ऑइल कोणते?

मागच्या डिफरन्शियलमध्ये पिनियन बहुधा क्राउनच्या मध्याच्या खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. त्याने शाफ्ट खाली येतो आणि दात मोठे व मजबूत करता येतात. पण हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. अडकित्त्यातल्या सुपारीसारखा तेलाचा थर मध्ये चिरडला जातो. साधं तेल इथे टिकत नाही. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसची रसायने मिसळलेली असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती धातूवर एक पातळ कवच धरतात आणि लोखंडाला लोखंड चिकटू देत नाहीत. गिअर ऑइलला जो उग्र वास येतो, तो याच गंधकाचा.

डब्यावर दोन गोष्टी वाचाव्यात. पहिली जाडी : ९०, ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४० अशी. दुसरी प्रत : जी.एल.-४ किंवा जी.एल.-५. हायपॉइड डिफरन्शियलला साधारणतः जी.एल.-५ लागते. पण "पाच हे चारपेक्षा भारी, म्हणून सगळीकडे पाचच घाला" हा विचार चुकीचा आहे. गिअर बॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंगा असतात. जी.एल.-५ मधली जादा रसायने काही वेळा पितळ खातात, शिवाय गिअर नीट पडत नाहीत. ज्या पेटीला पुस्तकात जी.एल.-४ लिहिले आहे तिथे तेच घालावे.

ट्रान्सफर केसची गोष्ट आणखी वेगळी. काही पेट्यांत आत गिअर असतात, त्यांना बहुधा गिअर ऑइल चालते. काहींत साखळी असते, त्यांना पुष्कळदा लाल रंगाचे पातळ ए.टी.एफ. लागते. अशा पेटीत जाड नव्वद नंबर भरले तर थंडीच्या सकाळी फोर व्हील पडणार नाही आणि बारीक वाटांतून तेल पोचणार नाही. तेव्हा शेजाऱ्याने काय घातले ते विचारू नका, गाडीचे पुस्तक काढा. पुस्तक हरवले असेल तर त्या कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात गाडीचा मॉडेल नंबर व साल सांगून कागदावर लिहून आणा. काही गाड्यांच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये आपोआप लॉक होणारी रचना असते. त्यांनाही कंपनी सांगेल तेच ऑइल घालावे.

एक गैरसमज नेहमी ऐकू येतो : "इंजिनला चाळीस नंबर आणि डिफरन्शियलला नव्वद, म्हणजे दुपटीने जाड." तसे नाही. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या नंबरांची मापे वेगवेगळी आहेत. नव्वद नंबरचे गिअर ऑइल जाडीला साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलएवढेच असते. फरक आहे तो आतल्या रसायनांचा. म्हणून इंजिनचे उरलेले ऑइल डिफरन्शियलमध्ये ओतणे म्हणजे जाडी जुळली तरी औषध चुकले.

केव्हा बदलावे?

पुस्तकात दिलेला किलोमीटरचा आकडा हा चांगल्या रस्त्याचा व बेताच्या ओझ्याचा असतो. त्याच पुस्तकात "अवघड वापर" अशी वेगळी ओळ असते. पाणंदीचा चिखल, धूळ, भरलेली गाडी आणि मागे ट्रॉली हा आपला रोजचा वापर त्या ओळीतलाच. तिथला कमी आकडा आपला समजावा. पातळी मात्र दर इंजिन ऑइलच्या वेळी तपासावी.

किलोमीटर न पाहता लगेच बदलायचे तीन प्रसंग आहेत.

पहिला, गाडी ओढ्याच्या किंवा नदीच्या पाण्यात डिफरन्शियल बुडेल इतकी गेली तर. चालून चालून हाऊसिंग तापलेले असते. ते एकदम गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या वाटेने पाणी आत ओढून घेते. पावसाळ्यात पूल पाण्याखाली असताना ज्यांनी गाडी घातली, त्यांनी घरी आल्यावर पहिले काम हे करावे. अर्थात वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये, हे आधी.

दुसरा, गाडी चिखलात रुतून एकच चाक बराच वेळ गरगर फिरले असेल तर. एक चाक उभे आणि एक मोकळे, अशा वेळी मोकळे चाक नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरते. तो सगळा फरक पिंजऱ्यातले छोटे गिअर पिनवर सोसतात. एरवी वळणापुरते हलणारे हे गिअर आता भिंगरीसारखे फिरतात, पिन तापते, तेल जळते आणि पिन चिकटते. ऍक्सिलरेटर दाबून धरण्यापेक्षा चाकाखाली पाचट, फळी, दगड घालावेत किंवा ट्रॅक्टर बोलवावा. पाच मिनिटांच्या हट्टापायी पिंजरा गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

तिसरा, जुनी गाडी विकत घेतली तर. आधीच्या मालकाच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नये. आवाज करणारे गिअर गप्प बसावेत म्हणून तेलात लाकडाचा भुसा घालून गाडी विकण्याची लबाडी फार जुनी आहे. ऑइल काढले की ती उघडी पडते.

साहित्य

नवे ऑइल (पुस्तकातील मापापेक्षा अर्धा लिटर जास्त आणावे), प्लगच्या मापाचा बरोबर बसणारा पाना, प्लगचे नवे वायसर, जुने ऑइल धरायला पसरट घमेले, ऑइल भरायला हातपंप किंवा नळी लावलेली पिचकारी, तारेचा ब्रश, रॉकेल किंवा डिझेल, स्वच्छ चिंध्या, चाकांना लावायला दोन ओंडके आणि रबरी हातमोजे. काही प्लगना बाहेरून षटकोन नसून आत चौकोनी खाच असते. तिथे जुळवून घेतलेला पाना लावू नये. खाच एकदा गोल झाली की काम दहापट वाढते.

कृती

१. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी. कोमट ऑइल लवकर व पूर्ण उतरते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येते. फार लांबून आल्या आल्या मात्र प्लग उघडू नये, हात भाजतो.

२. गाडी अगदी सपाट जागेवर उभी करावी. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ओंडके. पिकअप उंच असते, बहुधा जॅक लावावा लागत नाही. लावावाच लागला तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. दोन्ही बाजूंना पक्क्या घोड्या लावाव्यात. विटांची चवड चालणार नाही, वीट फुटते. काम चालू असताना लहान मुलांना गाडीत चढू देऊ नये.

३. दोन्ही प्लगांच्या भोवतालची माती तारेच्या ब्रशने व चिंधीने पूर्ण काढावी. नाहीतर तीच माती आत जाते.

४. आता सर्वांत महत्त्वाचे : आधी वरचा, म्हणजे भरायचा प्लग उघडावा. तो उघडल्याखेरीज खालच्या प्लगला हात लावू नये.

हा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. १९८६ साली मी वर्कशॉपला नवा होतो. शेतकी विभागाच्या जीपचं ट्रान्सफर केसचं ऑइल बदलायला मला सांगितलं. मी उत्साहाने खालचा प्लग काढला, ऑइल घमेल्यात घेतलं, प्लग पुन्हा लावला आणि मग वरच्या प्लगला पाना घातला. तो काही केल्या हलेना. ताकद लावली तर खाच गोल झाली. संध्याकाळचे सात वाजले होते. पेटी कोरडी, भरायला वाट नाही. सकाळी त्या जीपने जळिताच्या उसाच्या पाहणीला जायचं होतं. जळिताच्या उसाचं वजन तासातासाला घटतं, हे सांगायला नको. सकाळी वेल्डर आल्यावर प्लगवर नट वेल्ड करून तो काढला. जीप निघाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. ज्याचा ऊस जळला होता तो सभासद सकाळपासून बांधावर वाट पाहत बसला होता. आमचे फोरमन मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "जा, त्याला जाऊन सांग उशीर का झाला ते." मी गेलो आणि सांगितलं. तेव्हापासून आजपर्यंत मी खालचा प्लग आधी उघडलेला नाही.

वरचा प्लग निघत नसेल तर जुने ऑइल आतच असते, गाडी चालवत गॅरेजला नेता येते. नियमामागचा अर्थ एवढाच.

५. वरच्या भोकातून करंगळी किंवा वाकवलेली तार घालून जुन्या ऑइलची पातळी व रंग पाहून घ्यावा. मग घमेले ठेवून खालचा प्लग काढावा. प्लग शेवटच्या आट्यावर आला की हात बाजूला ठेवून काढावा. ऑइल धार तुटून थेंब पडू लागेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटे, उतरू द्यावे. घाई करू नये, तळाचा गाळ शेवटीच येतो. काही गाड्यांना खालचा प्लग नसतो. तिथे मागचे झाकण खोलावे लागते व नवे पॅकिंग लागते. ते काम मिस्त्रीकडून करून घ्यावे.

६. खालचा प्लग पुसून, नवे वायसर घालून लावावा. पाना पुरेसा घट्ट करावा, पण पाइप जोडून लटकू नये. हाऊसिंगचे आटे गेले तर मोठा खर्च आहे.

७. हातपंपाने वरच्या भोकातून नवे ऑइल भरावे. गाडी सपाट असताना भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल आले की पातळी झाली. ऑइल बाहेर ओघळू लागले की थांबावे, पाच मिनिटे वाट पाहावी, जादा असेल ते वाहू द्यावे. काही गाड्यांत पातळी काठापासून थोडी खाली सांगितलेली असते, ते पुस्तकात पाहावे. मग वरचा प्लग नव्या वायसरसह लावावा.

८. ब्रीदर तपासावा. हाऊसिंगच्या वरच्या अंगाला एक छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. आतली हवा तापून फुगली की इथून बाहेर पडते. ती चिखलाने बुजलेली असेल तर साफ करावी.

९. चार-पाच किलोमीटर गाडी चालवून आणावी आणि दोन्ही प्लगांखाली कोरडे बोट फिरवून पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली डाग आहे का ते पाहावे.

ट्रान्सफर केसची आणि पुढच्या डिफरन्शियलची कृती हीच. ट्रान्सफर केसचे दोन प्लग ओळखताना गिअर बॉक्सच्या प्लगशी गल्लत होते. एकाचे ऑइल काढून दुसऱ्यात भरल्याचे प्रकार होतात. खडूने खुणा करून घ्याव्यात. तपासताना गिअर बॉक्सची पातळी घटलेली आणि ट्रान्सफर केसची वाढलेली दिसली किंवा याच्या उलट दिसले, तर दोघांच्या मधले सील गेले असे समजावे. तिथे नुसते ऑइल भरून उपयोग नाही.

जुने ऑइल काय सांगते?

काढलेले ऑइल लगेच डब्यात ओतू नये. उजेडात घमेल्यात नीट पाहावे. डॉक्टर जीभ बघतात, तसेच हे.

ऑइल गडद तपकिरी पण स्वच्छ : ठीक, वेळेवर बदलले.

दुधासारखे किंवा चहासारखे पांढुरके : पाणी शिरले आहे. नवे ऑइल भरून शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलावे, सील व ब्रीदर पाहावेत.

प्लगच्या लोहचुंबकावर राखेसारखा बारीक मऊ लेप : ही नेहमीची झीज आहे, भिण्याचे कारण नाही.

लोखंडाचे कण बोटाला टोचतात किंवा दाताचा तुकडा निघतो : गाडी चालवू नये. झाकण उघडून तपासावे. तुटका तुकडा क्राउन-पिनियनच्या मध्ये आला तर उरलेले दातही घेऊन जातो आणि चालत्या गाडीची मागची चाके जाम होऊ शकतात.

जळका वास, काळे व घट्ट ऑइल : ओझे जास्त, ऑइल कमी किंवा बेअरिंग आवळलेले.

आवाजही ऐकावा. ऍक्सिलरेटर देताना "ऊं" असा आवाज येतो आणि सोडला की बदलतो, तर क्राउन-पिनियनची बैठक पाहावी. वळणावरच खडखड होत असेल तर पिंजऱ्यातले छोटे गिअर संशयित. नवे जाड ऑइल घालून आवाज दबतो, पण झीज भरून येत नाही.

"जास्त ते चांगले" हा घात आहे

कमी ऑइलने गिअर जातो हे सगळ्यांना पटतं. जास्त ऑइलने माणूस जाऊ शकतो हे पटत नाही. म्हणून घरातलीच हकिगत सांगतो.

माझ्या पुतण्याने पिकअप घेतली, कांदा-टोमॅटो मार्केटला न्यायचा. एका गॅरेजमध्ये त्याने मागचं ऑइल बदलून घेतलं. ऑइल भरणाऱ्याने गाडीची एक बाजू जॅकवर असतानाच भोकापर्यंत भरलं आणि "घाटाचा रस्ता आहे, राहू द्या थोडं जास्त" म्हणून प्लग लावला. ब्रीदर चिखलाने बंद होता, तो कुणी पाहिला नाही. गाडी भरून घाट चढली, डिफरन्शियल तापलं, आत हवेचा दाब वाढला. दाबाने ऑइल ऍक्सलच्या नळीतून, सील ओलांडून, मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं. उतार लागला तेव्हा पेडल दाबलं की गाडी मंद होते पण थांबत नाही, असं झालं. हँडब्रेकही मागच्याच चाकांवर, तोही धरेना. पोराने डोकं शाबूत ठेवून खालचा गिअर टाकला, गाडी डोंगराच्या बाजूला नालीत घातली. शेजारी त्याची आई बसलेली होती. दोघं वाचले. टोमॅटोचे कॅरेट रस्त्यावर पसरले, त्याचं काही वाटलं नाही.

म्हणून पुन्हा सांगतो. पातळी सपाट जागेवरच पाहावी, भोकाच्या काठाच्या वर ऑइल नको आणि ब्रीदर मोकळा हवा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला, काळा ओघळ दिसला तर तो माती म्हणून पुसू नका. सील बदलून, ड्रम धुऊन, ऑइल प्यालेले ब्रेक लायनर नवे टाकल्याशिवाय गाडी ओझ्याला लावू नका.

जुन्या ऑइलचे काय करावे?

ते विहिरीजवळ, चारीत किंवा उकिरड्यावर ओतू नये. तेल जमिनीत मुरते, पाण्यावर तवंग येतो, तेच पाणी जनावरे पितात. जनावरांच्या जखमेवर किंवा अंगावर लावण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी, त्यातली रसायने व धातूचे कण घातक असतात. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, त्यावर "जुने ऑइल" असे लिहून, परवानाधारक गोळा करणाऱ्याकडे किंवा त्याला देणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. त्याच डब्यात रॉकेल-पेट्रोल मिसळू नये.

सभासदांच्या काही शंका

"माझ्या गाडीला फोर व्हील आहे, पण मी वर्षातून चारदाच लावतो. तरी ट्रान्सफर केसचे ऑइल बदलावे का?" होय. फोर व्हील न लावताही मागच्या चाकांचा जोर त्याच पेटीतून जातो. शिवाय महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर व्हील लावून चालवावे, म्हणजे पुढच्या गिअरना व सीलना तेल लागते.

"मग डांबरीवर फोर व्हील लावून चालवली तर?" साध्या रचनेच्या फोर व्हीलमध्ये पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडला जातो. वळताना पुढच्या चाकांची वाट मागच्यांपेक्षा लांब असते. चिखलात चाक थोडे घसरून फरक भरून निघतो. कोरड्या डांबरीवर घसरायला वाव नाही, सगळा ताण शाफ्टवर आणि ट्रान्सफर केसवर येतो. मग लिव्हर अडकतो, टायर झिजतात. डांबरी लागली की फोर व्हील काढावी.

"नुसते कमी झालेले ऑइल वरून भरले तर चालेल?" तेवढ्यापुरते चालेल. पण कमी झाले म्हणजे कुठून तरी गेले. पिनियनच्या सीलवर, प्रोपेलर शाफ्ट जोडतो तिथे, ओल आहे का पाहा.

"प्रेशरने गाडी धुतली तर?" धुवावी, पण ब्रीदरवर आणि सीलवर जवळून फवारा मारू नये. पाणी आत जाते.

शेवटी

गाडीच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर एक छोटा तक्ता आखून ठेवावा : तारीख, किलोमीटर, कोणत्या पेटीचे ऑइल, कोणती प्रत, किती लिटर, काढलेल्या ऑइलचा रंग. उसाच्या नोंदीची, खताच्या पावत्यांची आपण जपणूक करतो, तशीच ही. गाडी विकतानाही त्या पानाची किंमत येते.

आपल्या आजोबांनी आखाला वंगण घातल्याशिवाय गाडी जुंपली नाही. वंगणाचं नळकांडं गाडीलाच टांगलेलं असे, विसरायची सोयच नव्हती. आता वंगण लोखंडी पेटीत बंद झालं, एवढाच फरक. पावसाळा सुरू होण्याआधी एक दिवस काढा, गाडी सपाट जागेवर लावा, आणि वरचा प्लग आधी उघडा.

— वर्कशॉपमधील एक निवृत्त कामगार